भाकरीची वाटणी : छळछावणीचे साहित्य आणि आपली स्वकथने

दलित साहित्यात प्रेम नाही, हा आक्षेप आता जुना झाला. पण मेलेला नाही. पूर्वी तो परिसंवादाच्या व्यासपीठावरून घेतला जाई, आता तो प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिताना घेतला जातो, एवढाच फरक. वेदना आहे, विद्रोह आहे, शिव्या आहेत, भूक तर आहेच आहे. पण माणसाचे माणसावरचे प्रेम कुठे आहे, असे विचारले जाते. विचारणारे वाईट नसतात. त्यांनी 'बलुतं' वाचलेले असते, 'गोलपिठा' चाळलेला असतो. त्यांच्याच कपाटात अ‍ॅन फ्रँकची डायरी असते, व्हिक्टर फ्रँकलचे पुस्तक असते, आणि त्या पुस्तकांविषयी बोलताना त्यांचा आवाज ओला होतो. मरणाच्या दारात उभी असलेली माणसे प्रेमाच्या बळावर कशी तगली, हे ते आम्हाला समजावून सांगतात.

तेव्हा प्रश्न असा पडतो की, ज्या वाचकाला जर्मनांच्या छळछावणीत प्रेम सापडते, त्याला ते गावकुसाबाहेर का सापडू नये? जातीमुळे, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर समीक्षेचे काम होत नाही. माझे म्हणणे असे आहे की, या वाचकाने दोन्हीकडे प्रेम चुकीच्या जागी शोधले आहे. छावणीच्या साहित्यात त्याला जे दिसले ते त्या साहित्यातले सर्वांत सोपे पान आहे. तिथली अवघड पाने उघडली तर ती थेट आपल्या स्वकथनांशी बोलू लागतात. आणि मग आक्षेप घेणाऱ्याइतकीच आपलीही अडचण होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुलना म्हणजे बरोबरी नव्हे. हिटलरच्या राज्यात काही वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले. त्या संहाराला सुरुवात होती, १९४५ साली शेवट होता, गुन्हेगारांवर खटले झाले. आपल्या इतिहासाला अशी तारीख नाही. दुःखाच्या दोन राशी तराजूत घालून कोणती जड हे पाहण्यात मला रस नाही. दोन्हीकडच्या लिहिणाऱ्यांनी जगून राहण्याविषयी काय कबूल केले, एवढेच मला पाहायचे आहे.

मराठी वाचकाच्या मनातले छावणीचे चित्र बरेचसे अ‍ॅन फ्रँक आणि फ्रँकल यांनी घडवले आहे. अ‍ॅनची डायरी लपून राहिलेल्या घरातली आहे. पीटर नावाच्या मुलावर जडलेला तिचा जीव, आईशी होणारी भांडणे, वयात येणे हे सारे त्या घरातले आहे. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, आणि ४ ऑगस्टला ती सारी माणसे पकडली गेली. म्हणजे डायरी छावणीच्या दाराबाहेरच संपते. पुढे बर्गेन-बेल्सेनमध्ये त्या पोरीचे काय झाले ते डायरीत नाही, असू शकत नाही. वाचक डायरी मिटतो तेव्हा प्रेम शाबूत असते, कारण त्याची परीक्षाच झालेली नसते.

फ्रँकल छावणीतून परतला. तो व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ. १९४२ साली थेरेझिनश्टाटला नेला गेला, १९४४ च्या ऑक्टोबरात ऑशविट्झला, आणि तिथून काही दिवसांतच बव्हेरियातल्या कामाच्या छावण्यांत. १९४६ साली त्याने पुस्तक लिहिले. त्यातला सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग पहाटेचा आहे. कैदी अंधारात ठेचकाळत कामावर निघालेले, पहारेकऱ्यांचे दस्ते पाठीत बसतायत, शेजारचा कैदी पुटपुटतो की आपल्या बायकांनी आपल्याला असे पाहिले तर! आणि फ्रँकलला आपली बायको डोळ्यांपुढे दिसू लागते. ती जिवंत आहे की नाही हे त्याला माहीत नाही, आणि त्या क्षणी ते माहीत असण्याची गरजही त्याला वाटत नाही. प्रेम हेच माणसाचे अखेरचे ठिकाण आहे, असे त्याला उमगते. हा प्रसंग खोटा आहे असे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. आता तर तो व्यवस्थापनाच्या शिबिरांतही सांगितला जातो.

पण पुढचा हिशेब कोणी मांडत नाही. फ्रँकलची बायको तिली बर्गेन-बेल्सेनमध्ये मेली. त्याचा बाप थेरेझिनश्टाटला मेला, आईला ऑशविट्झला गॅसच्या कोठडीत घातले. तिलीचेही नवऱ्यावर प्रेम असणारच. अंधारात चालताना तिच्याही डोळ्यांपुढे तो आला असेल. ते तिला पुरले नाही. म्हणजे प्रेमाने माणूस तगतो, हे वाक्य फक्त तगलेला माणूसच म्हणू शकतो. मेलेल्यांपैकी ज्यांनी ते करून पाहिले त्यांची साक्ष नाही. आपल्यातले चांगले ते परत आले नाहीत, ही कबुली खुद्द फ्रँकलने दिलेली आहे. वाचक ती ओलांडून पहाटेच्या प्रसंगाकडे धावतो.

प्रीमो लेव्ही वाचकाला असे धावू देत नाही. तो तुरिनचा रसायनशास्त्रज्ञ. १९४३ च्या डिसेंबरात पकडला गेला, १९४४ च्या फेब्रुवारीत ऑशविट्झला पोचला. त्याच गाडीत वांदा माएस्त्रो नावाची त्याची मैत्रीण होती. लेव्हीचा तिच्यावर जीव होता. ती त्याच वर्षी तिथे मारली गेली. लेव्हीने तिच्याविषयी फार थोडे लिहिले. त्याने लिहिले ते सूपविषयी, बुटांविषयी, चमच्याविषयी. लोरेन्झो नावाचा इटालियन गवंडी छावणीबाहेरचा मजूर होता. तो सहा महिने रोज लपवून लेव्हीला सूप आणून देत असे, बदल्यात काही न मागता. लेव्ही म्हणतो, मी जगलो तो त्याच्यामुळे; बाहेर अजून माणूस शिल्लक आहे हे त्याच्याकडे पाहून कळत होते. लढाई संपल्यावर लोरेन्झो दारूत बुडाला आणि १९५२ मध्ये मेला. लेव्हीने आपल्या दोन्ही लेकरांच्या नावांत त्याचे नाव गुंफले. इथपर्यंतही वाचक खूश राहू शकतो.

आता त्याची दुसरी आठवण घ्या. ती त्याने चाळीस वर्षांनी, १९८६ सालच्या पुस्तकात सांगितली, आणि पुढच्या वर्षी तो मेला. १९४४ चा ऑगस्ट, प्यायला पाणी नाही, तहानेने जीव जातोय. एका तळघरातला राडारोडा उपसताना त्याला भिंतीलगत एक नळी दिसते. तोटी ढिली करतो तर थेंब थेंब पाणी. असेल लिटरभर. तो एकटाच पिऊन टाकू शकत होता. सगळ्या टोळीला सांगू शकत होता. त्याने आल्बेर्तोला, आपल्या जिवलग मित्राला, सांगितले. दोघांनी आडवे पडून चोरून पाणी प्याले. दानिएले नावाचा तिसरा तिथेच काम करत होता, सिमेंटच्या धुळीने ओठ फुटलेला. त्याने हे ओळखले. सुटकेनंतर काही महिन्यांनी, परतीच्या वाटेवर, दानिएलेने त्याला विचारले की, तुम्ही दोघांनीच का आणि मी का नाही?

हा प्रश्न मला छावणीच्या साहित्यातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. पाण्यावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या देशातल्या वाचकाला तर तो जास्तच बोचावा. आल्बेर्तोवर लेव्हीचे प्रेम होते म्हणून आल्बेर्तोला पाणी मिळाले. त्याच प्रेमामुळे दानिएलेला मिळाले नाही. लिटरभर पाणी तिघांत वाटले असते तर कोणालाच पुरले नसते, असेही म्हणता येते. लेव्ही ते म्हणून पाहतो आणि त्याचे समाधान होत नाही. टंचाईत प्रेम ही वाटणी असते. कोणाला दिले हे जसे त्यात असते तसेच कोणाला दिले नाही हेही असते. वाचक पहिली बाजू वाचून डोळे पुसतो. दुसरी बाजू दानिएले सांगतो.

बोरोव्स्कीने तर वाचकाला डोळे पुसायलाही जागा ठेवली नाही. तादेउश बोरोव्स्की पोलिश कवी, ज्यू नव्हे. १९४३ साली वॉर्सात त्याची वाग्दत्त वधू पकडली गेली, पाठोपाठ तोही. दोघेही ऑशविट्झला, वेगवेगळ्या भागांत. ती जगली, तो जगला, त्यांनी लग्न केले. गोष्ट इथे संपवली तर चित्रपट होतो. पण त्याने लिहिलेली कथा रेल्वेच्या फलाटाची आहे. गाड्या येतात, माणसे उतरवली जातात, मुलांसह असलेल्या आया थेट गॅसकडे जातात. एक तरुण बाई झपझप चालत असते. मागून एक पोर 'आई, आई' करत धावते. ती म्हणते, हे माझे नाही. तिला जगायचे असते, आणि पोर सोबत असले तर मरण नक्की हे तिने ओळखलेले असते. दारूच्या नशेत असलेला एक कैदी संतापून तिला मारतो, उचलून पोरासह ट्रकमध्ये फेकतो. तो संतापणारा कैदी आणि सांगणारा नायक त्याच गाड्यांतून येणाऱ्यांच्या शिदोरीवर जगत असतात. १९५१ मध्ये, मुलगी जन्मल्यावर काही दिवसांनीच, बोरोव्स्कीने घरातला गॅस सोडून जीव दिला.

ही कथा वाचताना मला बाबुराव बागुलांची 'आई' आठवत राहते. शाळेत आईवरची कविता शिकवली जात असताना ज्या पोराचे मन भरून येते, त्यालाच इतर पोरे हिणवतात की तुझी आई मुकादमाकडे जाते. ती विधवा आहे. नवऱ्याने संशयापायी तिला छळले, विद्रूप केले. तो मेल्यावर तिने मुलासाठी वर्षानुवर्षे देह सांभाळला, कष्ट उपसले. आणि आता तिला स्वतःला जगावेसे वाटते. मुलगा घरी येतो, पाहतो आणि पळतो. ती त्याच्यामागे धावू पाहते, पण मुकादमाच्या मिठीतून सुटणे तिला जमत नाही. बोरोव्स्कीचा कैदी त्या बाईला मारतो, बागुलांचा पोरगा न मारता निघून जातो. दोन्हीकडे जगू पाहणाऱ्या आईचा न्याय दुसरे कोणी तरी करते, आणि तो करणाराही त्याच चिखलात पाय रोवून उभा असतो. अमेरिकन अभ्यासक लॉरेन्स लँगर याने अशा प्रसंगांना निवडीविना निवड म्हटले आहे. नाव विद्वानाचे आहे. गोष्ट आपल्या आयाबायांना माहीत होती.

आपल्या समीक्षेने मात्र 'आई' या शब्दाला एवढे घासले आहे की तो गुळगुळीत झाला. स्वकथनावरचा कोणताही लेख उघडा. माय उपाशी राहते, माय खस्ता खाते, मायने शिकवले. ती त्यागमूर्ती होऊन दारात उभी असते. बागुलांनी ही मूर्ती कधीच फोडली होती. आम्ही ती पुन्हा जोडली, बहुधा प्रस्थापित वाचकाला प्रेमाचा पुरावा हवा होता म्हणून.

पण इथे एक मोठा फरक आहे आणि तो नीट धरला नाही तर सगळी तुलना कोसळते. छावणीला माणूस शेवटी मारायचा होता. गावाला आम्हाला मारायचे नव्हते. गावाला आम्ही हवे होतो : मेलेले ढोर ओढायला, सांगावा न्यायला, मयताची खबर द्यायला, रात्री गस्त घालायला, हंगामात राबायला. म्हणून गावाने भाकरी दिली, येसकराच्या पाळीला दारोदारचे शिळेपाके दिले, मेलेल्या ढोराचे मांस दिले, मढ्यावरचे कापड दिले. जगण्यापुरते दिले आणि जगण्यापुरतेच दिले. छावणीत एक दिवस जास्त जगणे म्हणजे मारणाऱ्याचा बेत फसवणे होते. गावात जगून राहणे हा गावाचाच बेत होता. त्यामुळे जगणे हे आपल्याकडे आपोआप बंड ठरत नाही.

ही गोष्ट बाबासाहेबांनी ओळखली होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस आणि उष्टे सोडा असे सांगितले गेले, तेव्हा पोटाला दुसरे काय हे कोणी दिलेले नव्हते. जी भाकरी जगवते तिच्यावर थुंकायला सांगणारी ही चळवळ होती. छावणीच्या साहित्यात याला जोड सापडत नाही, कारण तिथे सूप नाकारणे म्हणजे मरणे. इथे आपल्या प्रेमाला दोन कामे करावी लागली : लेकराला आज त्या भाकरीवर जगवायचे, आणि उद्या त्याच भाकरीचा त्याला तिटकारा यावा असे वाढवायचे. ही दोन कामे एकमेकांविरुद्ध जातात. त्यांच्या ओढाताणीत जे घडते ते आपल्या स्वकथनांतले प्रेम. वाचकाला ते सापडत नाही कारण ते चुंबनाच्या किंवा पहाटेच्या साक्षात्काराच्या रूपात येत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) संतामाय गुरांच्या शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते. पोरांच्या पुढ्यात वेगळी. पोराला कुतूहल वाटते, तो तिच्यातला तुकडा मागतो. या एका जागेवर मी दोन तास बोलू शकतो, आणि वर्गात बोललोही आहे. इथे वाटणी आहे, आणि वाटणीत पोराच्या वाट्याला चांगली भाकरी आहे. पण तो वास, ती चव त्याला कळलीच पाहिजे अशी लेखकाची गरज आहे. आजीचे प्रेम त्या भाकरीपासून त्याला दूर ठेवण्यात आहे, आणि नातवाचे प्रेम तीच भाकरी तोंडात घालण्यात. त्याच घरात महमूद दस्तगीर जमादार नावाचा मुसलमान माणूस राहतो, हमाली करतो, आणि या पोराचा आजा होतो. ना रक्त, ना जात, ना धर्म, ना लग्न. ज्यांना आंतरधर्मीय प्रेमाची उदाहरणे हवी असतात ते शहरातली जोडपी शोधत बसतात; संतामाय आणि जमादारांकडे त्यांचे लक्ष जात नाही, कारण तिथे प्रेमाचा उच्चारच नाही. एकाच चुलीवर दोघांचे शिजते, एवढेच आहे.

आपल्या लातूर भागातले प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आता फारसे कोणी वाचत नाही याचे मला वाईट वाटते. लहानपणीच आईवडील गेलेले पोर बहिणीच्या घरी वाढते. सारे पुस्तक पोटामागची वणवण आहे. त्यात आरडाओरड नाही, म्हणून विद्रोहाच्या फूटपट्टीने मोजणाऱ्यांना ते मवाळ वाटले. मला त्यातली बहीण दिसत राहते. परक्या घरातल्या भाकरीतून भावाचा वाटा काढायचा, म्हणजे तो कोणाच्या तरी वाट्यातून काढायचा. तिला स्वतःला काय उरले हे भावाच्या पुस्तकातून आपल्याला किती कळणार? तो लिहितो तो त्याला मिळालेल्याविषयी. तेच स्वाभाविक आहे.

अण्णाभाऊंच्या 'स्मशानातील सोनं'मधला भीमा बायकोपोरीसाठी मढी उकरतो. तिथे तर वाटणी जिवंत आणि मेलेल्यांतच आहे, आणि बोटे गमावून त्याचा हिशेब भीमाच चुकता करतो. बोरोव्स्कीच्या फलाटाशेजारी ही कथा ठेवून वाचावी असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

छावणी आणि गाव यांतला फरक आणखी एका ठिकाणी तपासला पाहिजे, आणि ते ठिकाण आपल्या जिल्ह्यातले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सर्वांत जास्त. ४ ऑगस्टला टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. वस्त्या जळाल्या, माणसे गाव सोडून रानात, शहरांत पळाली. पुढे सोळा वर्षे लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जगवण्यापुरते देणारे गाव त्या ऑगस्टात मारणारे झाले. कारण उघड आहे. भाकरीचा तिटकारा घेऊन वाढलेली पोरे आता विद्यापीठाला नाव मागत होती.

नामांतरावर शेकडो कविता झाल्या, गाणी झाली. ती गात मी वाढलो. त्यांत शहीद आहेत, मशाली आहेत, रक्त आहे. त्या रात्री लपलेल्या बायका-पोरांचे पोट मात्र मला त्यांत फारसे दिसले नाही. अर्धापूरपासून सहा-सात कोसांवर आमचे गाव. आजी सांगते, तीन रात्री वस्तीतल्या बायका लेकरांना घेऊन केळीच्या बागेत बसल्या. बाग ज्याची, त्याच्याकडेच त्या खुरपायला जात. पाऊस लागून होता. तिच्या ओच्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या होत्या आणि पोरे तीन. माझे वडील, चुलता आणि नऊ वर्षांची आत्या. दोन्ही भाकऱ्या पोरांना गेल्या. आत्याला काही मिळाले नाही. हे आजीने कधी सांगितले नव्हते. आत्याने सांगितले, तिच्या लेकीच्या हळदीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, हसत हसत :

"माय, त्या राती मला कामून नाही दिलीस गं?"

आजी शेवया निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू रडली नाहीस ना माय. हे दोघं रडत होते. आवाज गेला असता तर समदेच मेले असते."

आत्या पुढे काही बोलली नाही. बाकीच्या बाया हसल्या आणि विषय निघून गेला. लेव्हीचे ते प्रकरण मी यानंतर दोन-तीन वर्षांनी वाचले. दानिएलेचा प्रश्न मला त्याच बोलीत ऐकू आला.

या प्रसंगात आजीचे प्रेम कुठे आहे असे कोणी विचारले तर मी म्हणेन, सगळ्या प्रसंगात आहे. लेकीवर तिचा कमी जीव होता असेही नाही. आजही ती आत्याकडेच राहते. पण पोराला भाकरी देऊन गप्प करणे आणि मुळात गप्प असलेल्या पोरीला उपाशी ठेवणे ही एकच कृती होती. पोरीने गप्प राहून सगळ्यांना वाचवले आणि त्याच गुणापायी तिचा वाटा गेला. हे जातीने केले, हल्ला करणाऱ्यांनी केले, यात शंका नाही. मुलगा-मुलगी हा हिशेब त्यांनी आणला नव्हता. तो आधीपासून घरातच होता. लेव्हीचे मोठेपण हे की, जर्मनांचा गुन्हा तसूभरही कमी न करता त्याने तोटीजवळचा हिशेब मांडला. आपल्यातही हे धाडस झाले आहे. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये सईला संशयावरून टाकल्याचे लपवले नाही. पुस्तक आले १९७८ साली, नामांतराच्याच वर्षी, आणि घरातली घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून आपल्याच लोकांनी नाके मुरडली. पण तो नवऱ्याचा कबुलीजबाब आहे. सईने लिहिलेले नाही.

बायकांनी लिहिले तेव्हा वाटणीची दुसरी बाजू थोडी थोडी उघडली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात आले, १९८६ मध्ये पुस्तक झाले. बाळंतिणीच्या पोटाला अन्न नाही म्हणून चिंध्यांनी पोट आवळून बांधणे त्यात आहे. सासूने सुनेचा केलेला छळ आहे, संशयावरून बाईचे नाक कापणे आहे. गाव ज्यांना तुडवत होते ते घरात कोणाला तुडवत होते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. आणि त्याच पुस्तकात बाबासाहेबांचे ऐकून पोरांना शाळेत घालणाऱ्या, मेलेले खाणे सोडणाऱ्या बाया आहेत. त्या याच सासवा-सुना, वेगळ्या नाहीत. ज्या हाताने सुनेला डागले त्याच हाताने पोराला पाटी दिली, हे एकत्र धरणारी आपल्याकडची दुसरी कोणती पाने आहेत? उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) विधवा आई रात्रंदिवस बांबूची आयदाने विणते. लेकीवरची माया तिच्या बोलण्यात अभावानेच येते, कांबीत येते. पण उर्मिलाताई त्याच आईच्या कडवटपणाचेही लिहितात.

बेबी कांबळे यांच्या पुस्तकात एक जागा मोकळी आहे. त्यांचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. पुढे माया पंडित यांनी इंग्रजी अनुवादासाठी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की नवरा संशय घेई, मारझोड करी. ते लिहिले नाही, कारण त्यांना समाजाचे दुःख लिहायचे होते. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. नवरा माल आणायला बाहेर गेला की गिऱ्हाईक नसताना त्या लिहीत, आणि तो येण्याआधी कागद दडवून ठेवीत. वीस वर्षे ते कागद घरातच होते.